एक ते तीनची शांतता

आमच्याकडे मूल ठेवायला आलेले आईबाप पहिल्या दिवशी लवकर निघत नाहीत. चपला घालतात, परत काढतात. पाणी स्टीलच्याच पेल्यात द्या, हे तिसऱ्यांदा सांगतात. फाटकापर्यंत जातात आणि विसरलेली पिशवी घ्यायला माघारी येतात. पिशवी खांद्यालाच असते. एक गृहस्थ तर तीन तास फाटकाबाहेर रिक्षात बसून होते. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "घरी जाऊन पडा की जरा." ते म्हणाले, "सवय न्हाय ताई. पोरगं झाल्यापासनं दुपारी पाठ टेकलेली न्हाय. आता कुटं पडायचं तेच सुचंना." एक बाई स्वतःला साडी घ्यायची म्हणून नवी पेठेत गेल्या आणि पाऊण तासात मुलाचे तीन मऊ बनियन घेऊन परत आल्या. मानेला टोचतात म्हणून त्यांची लेबलंसुद्धा दुकानातच कापून आणली होती.

अशा माणसांना थोडा वेळ मोकळं करणं, हे माझं काम. स्वमग्न मुलं आम्ही काही तास, काही दिवस सांभाळतो. स्वमग्न हा शब्द मला कधी पटला नाही. ही मुलं स्वतःत मग्न बिग्न काही नसतात. उलट त्यांना सगळंच जास्त ऐकू येतं, जास्त टोचतं, जास्त दिसतं. कुकरची शिट्टी तुम्हाला शिट्टी वाटते, त्यांना ती कानात खिळा ठोकल्यासारखी लागते. त्यामुळं अशा मुलाची आई लग्नाला जात नाही, माहेरी जात नाही, दाढ दुखली तरी दवाखान्यात जात नाही. नातेवाईक प्रेमानं विचारतात, ठेवायला कुणी तयार होत नाही. आमचं केंद्र म्हणजे शाळाही नाही आणि दवाखानाही नाही. आम्ही मूल सुधारत नाही. आम्ही ते सांभाळतो, आणि तेवढ्यात घरचे सुधारतात.

हे काम मी पहिल्यांदा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना समजावून सांगितलं, तेव्हा ते मेंढरांच्या खुरातला काटा काढत बसले होते. आम्ही सांगोल्याकडची मेंढपाळ माणसं. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, त्यावर विशेष शिक्षणाची पदविकाही घेतली. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते, आणि त्याची लाज वाटत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी आमच्यात कसं, एकाच्या घरी लगीन आसलं की दुसरा त्याची मेंढरं आपल्यात घिऊन राखतो. तसंच की."

"तसंच," मी म्हटलं.

"मग त्यात पाच वर्सं शिकायला काय हुतं?"

मी तेव्हा रागावले होते. आबांना काय उत्तर द्यायचं ते पुढं बऱ्याच वर्षांनी एका मुलीनं मला सुचवलं. तीच गोष्ट इथं सांगायची आहे.

केंद्रासाठी आम्हाला सोलापूरच्या पूर्व भागात एक बैठं घर मिळालं. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. चादरी, टॉवेल, दिवसरात्र माग. घर ऐसपैस होतं, फक्त मागची भिंत एका कारखान्याला लागून. इथं माग असलेल्या शेडलाच कारखाना म्हणतात. भिंतीपलीकडं मल्लिनाथअण्णांचे आठ माग चालायचे. सकाळी चहाचा कप फरशीवर ठेवला, तर चहावर गोल गोल लाटा उठायच्या. भिंतीला लागून असलेली खोली आम्ही वापरलीच नाही. तांदळाची पोती, मोडकी खेळणी, लग्नकार्यातून आलेल्या जुन्या खुर्च्या, असं सगळं तिथं टाकलं.

आता तुम्हीच सांगा, ज्या मुलांना शिट्टी सहन होत नाही, त्यांच्या शेजारी आठ माग. मी अण्णांकडं गेले. अण्णा अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भांडायचं असलं की दोन्ही. पहिल्या वेळी म्हणाले, "येन री मॅडम, माग बंद ठेवून मी काय तुमच्यासंगं पोरं खेळवू?" मी सोडलं नाही. शिकलेली बाई एकदा मागं लागली की काय होतं ते त्यांनी दोन वर्षं पाहिलं. अर्ज दिले, मुलांच्या आयांना घेऊन गेले, संक्रांतीला तिळगूळ दिला आणि त्याच वेळी परत विषय काढला. शेवटी अण्णा कंटाळून म्हणाले, "दुपारी एक ते तीन बंद ठिवतो. कामगार जेवतील, झोपतील. पण या तिळगुळाची वाटी उचला आधी."

त्या दोन तासांचा मला केवढा अभिमान. शाळेतल्या बक्षिसासारखा. एक वाजला की भिंतीपलीकडचा आवाज एकदम थांबायचा आणि आम्ही सगळ्या मुलांना शांत खोलीत न्यायचो. जाड पडदे, मंद दिवा, मऊ गोधड्या, भिंतींना फिका निळा रंग. पुस्तकात होती तशी मी ती खोली करून घेतली होती. आमच्याकडे मुलांचं खाणंपिणं, न्हाणंधुणं बघणाऱ्या रुक्सानाआपा त्या खोलीला 'मॅडमचा महाल' म्हणायच्या.

पद्मा आली ती जेवणाच्या थोडी आधी, अकरा वर्षांच्या श्रावणीचं मनगट धरून. पद्माचा चेहरा पांढराफटक होता, जिना नसलेल्या आमच्या घरातही दोन पायऱ्या चढून तिला दम लागला. तिच्या गर्भपिशवीतल्या गाठीचं ऑपरेशन दोन वर्षं राहिलं होतं. अंगावरून जाऊन जाऊन रक्त इतकं कमी झालेलं, की डॉक्टरांनी आता निर्वाणीचं सांगितलं होतं. पण श्रावणी बोलत नाही, आईशिवाय जेवत नाही, आईशिवाय झोपत नाही. नवरा अंबादास घरच्या चार मागांवर, आणि दवाखान्यात बायकोपाशीही त्यालाच थांबावं लागणार.

"आठ दिवस ठिवाल का ताई?" पद्मा म्हणाली. "पण मला म्हाईत हाय, ती न्हाय राहायची."

"राहील," मी म्हटलं. "आधी दोन-तीनदा तीन-तीन तास ठेवून बघू."

आमच्याकडे एक सवयींची वही असते. प्रत्येक मुलाची वेगळी. आईला बसवून आम्ही चाळीस प्रश्न विचारतो. काय खातं, काय बघून घाबरतं, कुठं हात लावलेला चालत नाही. पद्मानं मन लावून सांगितलं. दहीभात, पण दह्यात गुठळी नको. कोऱ्या कापडाचा वास आवडतो. कुठला आवाज सहन होत नाही, या प्रश्नाला कुकर, फुगा, वरातीतला डीजे. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

साडेबाराला पद्मा गेली. श्रावणी दाराकडं बघत राहिली, पण रडली नाही. आपांनी दिलेल्या चादरीच्या दशा मोजत बसली. मी आपांना डोळ्यांनी खुणावलं, जमलं म्हणून. आणि एकाएकी ती उठली. कानांवर हात मारायला लागली. भिंतीशी गेली, दाराशी गेली, मग डोकं आपटायला लागली. आई आठवली, असं मी ठरवलं. तिला शांत खोलीत नेलं. तिथं तर ती अशी किंचाळली की दुसरी दोन मुलंही रडायला लागली. मी तिला धरायला गेले तर तिनं माझं मनगट चावलं. तो व्रण अजून आहे. पद्माला फोन करून बोलवावं लागलं. ती धावत आली, आणि तिला बघून मलाच भीती वाटली, की ही आता इथंच पडते.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळं बदललं. दिवा बदलला, गोधडी तिच्या घरची आणली, दहीभात पद्माच्या हातचा. बारा ते एक ठीक. एक वाजून गेला आणि पुन्हा तेच. आपा तिच्याबरोबर फरशीवर बसून म्हणाल्या, "बच्ची कुछ तो बोल रई मॅडम. अपन को समज नै आरा."

मी म्हटलं, "आईची सवय तुटायला वेळ लागतो आपा." हे मी वहीतही लिहिलं.

पद्मा मुलीला घेऊन जाताना पायरीवर बसली. "राहू द्या ताई. तुमी लई केलं. आता नगं ते ऑपरेशन."

"डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की. पण मी दवाखान्यात गेले आन हिनं डोकं फोडून घेतलं तर? मी मेले तरी हिच्याजवळ मरते." तिनं हे रडून सांगितलं नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं सांगितलं. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांवर होती.

मुलगी आपल्याकडं बिघडत असेल तर ती घरी कशी असते ते बघावं, एवढी अक्कल मला मनगट चावून घेतल्यावर आली. मी तिच्या घरी गेले तो नेमका मागांच्या सुट्टीचा वार. घर म्हणजे पुढं चार माग आणि मागं दीड खोली. गल्लीत चिडीचूप. दारातूनच मला ओळखीचं किंचाळणं ऐकू आलं. श्रावणी एका बंद मागापाशी उभी होती, दोन्ही तळवे त्याच्या लाकडावर दाबून, आणि कपाळ त्यावर आपटत होती.

"सुट्टीच्या वारी अशीच करती," पद्मा म्हणाली. "अहो, लावा जरा."

अंबादास जेवता जेवता उठला. डाव्या हातानं बटण दाबलं. एक माग खडखडून सुरू झाला, धोटा इकडून तिकडं धावायला लागला, पायाखालची फरशी थरथरली. आणि श्रावणी गप्प झाली. मागाला पाठ लावून खाली बसली, पाय पसरले आणि हातातल्या दोऱ्याशी खेळायला लागली. अंबादास परत ताटावर जाऊन बसला.

मी मोठ्यानं विचारलं, कारण आता मोठ्यानंच बोलावं लागत होतं. "हे मला का नाही सांगितलं?"

"काय?" अंबादास म्हणाला.

"मागाचं."

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. "त्यात काय सांगायचं ताई? उकडलं की फॅन लावतो, तसं."

"मी कुठला आवाज विचारलं होतं तुम्हाला, पद्मा."

"व्हय, आवाज विचारला तुमी," ती म्हणाली. "माग म्हंजी आवाज न्हवं की."

श्रावणी पोटात होती तेव्हापासून हे माग चालू. पद्मा नऊ महिने भरेपर्यंत मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. त्या मुलीनं जगात आल्यावर जे पहिलं ऐकलं ते हेच. तिच्या दृष्टीनं माग थांबले म्हणजे काहीतरी भयंकर झालं. आणि मी काय केलं होतं? दोन वर्षं भांडून मिळवलेली शांतता बरोबर एक वाजता तिच्या अंगावर सोडली, वर तिला जाड पडद्याच्या खोलीत नेऊन कोंडलं. माझ्या चाळीस प्रश्नांत आवाजाचा त्रास होता. आवाज नसल्याचा त्रास कुठल्याच पानावर नव्हता.

परतताना मला जेऊरचा एक मुलगा आठवला. त्याचं घर रेल्वे स्टेशनला लागून. आमच्याकडे एक दुपार राहिला, शांत खोलीत जाऊन बेशुद्ध पडेपर्यंत रडला. त्याची आई त्याला घेऊन गेली ती परत आली नाही. नंतर दिलेला नंबरही लागला नाही. त्याच्या वहीत शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे, 'आईपासून वेगळं राहण्याची तयारी नाही.' खरं काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. गाडी आठवली की आणखी काही, देव जाणे. ती ओळ मात्र मी खोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांच्या कारखान्यात गेले.

"येन री मॅडम, आज काय तक्रार?"

"अण्णा, दुपारचे माग बंद ठेवू नका."

अण्णांनी मुकादमाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "परत सांगा."

"एक ते तीन माग चालू ठेवा."

"दोन वर्सं बंद करा म्हणून डोकं खाल्लं. तिळगूळ चारला. आता चालू करा म्हणता. शिकलेल्या माणसांनी एकदा काय ते ठरवून यावं की."

मी त्यांना श्रावणीचं सगळं सांगितलं, माझी चूक धरून. अण्णा ऐकताना दातकोरणीनं दात कोरत होते, त्यामुळं काय चाललंय ते कळेना. मग म्हणाले, "बाकीच्या पोरांचं काय? त्यांना तर शांतता पायजे. म्हणून तर मी बंद केले."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अण्णाच उठले, भिंतीजवळ गेले. "आठ नकोत. हा भिंतीलगतचा एकच चालवतो दुपारी. बाकीची पोरं तुमच्या त्या महालात पुढं ठिवा. आन सुट्टीच्या वारी काय करणार? आठ दिवस म्हंजी मधी एक सुट्टी येणार. त्या दिवशी माग कोण चालवणार, तुमचं सर्टिफिकेट?"

महाल हा शब्द त्यांच्यापर्यंत कसा पोचला, ते आपांनी आजवर कबूल केलेलं नाही.

आम्ही दोघींनी एका दुपारी अडगळीची खोली उपसली. तांदळाची पोती बाहेर, खुर्च्या बाहेर. त्याच भिंतीला श्रावणीची गादी लावली. तिसऱ्या खेपेला पद्मा तिला घेऊन आली ती निव्वळ माझ्या शब्दाखातर. गेली नाही, फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबली. मी आणि आपा घड्याळाकडं बघत बसलो. एक वाजला. पलीकडचे सात माग थांबले. श्रावणीनं मान वर केली. एक माग चालूच होता, खटाक खटाक. तिनं हात लांब करून तळवा भिंतीवर ठेवला, थोडा वेळ तसाच. मग पाठ टेकून बसली आणि वाटी पुढं ओढली. आपांनी कालवलेला दहीभात खाल्ला. गुठळी निघाली ती बाजूला काढून ठेवली.

आपा हळूच म्हणाल्या, "जा, अम्मा को बोल के आओ."

मी फाटकापर्यंत चालत गेले नाही, पळाले. इतकी पळते कुणी बघितलेली नव्हती, म्हणून पद्मा घाबरून उठली. मला दम लागल्यानं बोलता येईना. मी नुसतीच मान हलवली. ती परत मटकन बसली आणि झाडाला डोकं टेकलं.

ते आठ दिवस सोपे गेले असं लिहिलं तर खोटं होईल. दुसऱ्या दिवशी तिनं आईला सगळ्या खोल्यांत शोधलं, न्हाणीघरातसुद्धा. दोन वेळा जेवली नाही. आपांच्या हातावर ओरखडे काढले. पण डोकं आपटलं नाही, आणि भिंतीपाशी झोपली. सुट्टीच्या वारी अण्णा स्वतः आले. मालक झाल्यापासून त्यांनी मागाला हात लावला नव्हता. दिवसभर एकटेच तो एक माग चालवत बसले. संध्याकाळी जी चादर निघाली, तिच्यात इतक्या फटी होत्या की ती विकण्यासारखी नव्हती. घडी करून आमच्याकडे पाठवली, निरोपासह. "मॅडमना म्हणावं, नापास झालो."

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी अंबादासचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "झालं ताई. गाठ साधी हाय म्हणाले. शुद्धीवर आली. आल्या आल्या पयलं काय इचारलं म्हाईत हाय? अण्णांचा माग चालू हाय का."

मी फोन भिंतीला लावून धरला. त्यांना काय ऐकू गेलं असेल ते गेलं असेल.

आता वहीत एक्केचाळिसावा प्रश्न आहे. घरात सतत कुठला आवाज असतो? लोक लिहितात, टेबलफॅन, पिठाची गिरणी, शेजारच्या म्हशी. अकलूजच्या एका बाईंनी 'सासूबाई' लिहिलं, आणि ते चेष्टेत नव्हतं. मुलाला खरोखरच आजीच्या पुटपुटण्यावर झोप यायची. आम्ही आजींना फोनवर बोलतं केलं. आबांना मी आता सांगू शकले असते, की दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात घ्यायला पाच वर्षं शिकावं लागत नाही, पण त्याच्या गळ्यातली घंटा कुठली ते विचारावं लागतं. आबा यावरही काहीतरी बोललेच असते. आता ते नाहीत.

नवव्या दिवशी पद्मा मुलीला न्यायला आली. अंबादासनं तिला रिक्षातून हळूहळू उतरवलं. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. श्रावणी धावत वगैरे आली नाही, ही मुलं सिनेमातल्यासारखी धावत येत नाहीत. ती आईजवळ गेली, दवाखान्याचा वास आला म्हणून नाक मुरडलं, आणि पदर धरून तिला अडगळीच्या खोलीत घेऊन गेली. स्वतः भिंतीशी बसली. पद्माही पोट सांभाळत तिच्या शेजारी टेकली.

"दवाखान्यात झोप लागली का?" मी विचारलं.

"कुटली ताई. समदं गप. एसीचा नुसता सूं सूं आवाज. डोळाच लागंना." ती हसली, मग भिंतीला डोकं टेकलं. मी चहा सांगायला गेले.

चहा घेऊन आले तर पद्मा झोपली होती. बसल्या जागी, तोंड किंचित उघडं, एक हात श्रावणीच्या पायावर. श्रावणी अण्णांच्या फटीच्या चादरीतून बोट घालून बघत होती. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. अंबादास दारात आला आणि म्हणाला, "चला की."

आपांनी ओठांवर बोट ठेवलं. मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. तीनला पलीकडचे सगळे माग सुरू होतील, मग तर ही दोन तास उठत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी अंबादासच्या हातात तिचा चहा दिला आणि रिक्षावाल्याला जाऊन सांगितलं, "तुम्ही दुसरं भाडं घ्या. यांना वेळ आहे."